शत्रूने रणगाडे खरंच कमी केले, हे कळतं कसं?

तुमचा प्रश्न मला असा समजला: 1990 साली नाटो (अमेरिका आणि पश्चिम युरोप) आणि वॉर्सा करार (सोव्हिएत संघ आणि पूर्व युरोप) या दोन गटांनी युरोपातले रणगाडे, तोफा, विमानं कमी करायचा ‘सीएफई’ करार केला, पण समोरच्याने लपवाछपवी केली तर कळणार कसं? हा करार एवढा मोठा होता, तर युक्रेनचं युद्ध का टळलं नाही? आणि आपल्याला चीनबरोबर असं काही करता येईल का?

मी चिलखती दलात 24 वर्षं काढली. त्यातली काही नगरला आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलमध्ये शिकवण्यात गेली आणि एक वर्ष संयुक्त राष्ट्रांचा लष्करी निरीक्षक म्हणून आफ्रिकेत गेलं. हा करार ज्यांत ठरला त्या व्हिएन्नाच्या वाटाघाटींत मी नव्हतो. पण या कराराचा मजकूर तरुण अधिकाऱ्यांना कलमवार समजावून सांगितलाय आणि हत्यारं मोजायचं काम स्वतः केलंय. त्या जोरावर लिहितो.

आधी मूळ दुखणं काय होतं ते पाहू. पश्चिम जर्मनीतल्या सेनापतींना सोव्हिएत रणगाड्यांच्या एकूण संख्येपेक्षा त्यांच्या जागेची धास्ती जास्त होती. पूर्व जर्मनीत, सीमेपासून काही तासांच्या अंतरावर, दारूगोळा आणि इंधन जवळ ठेवून लाखो सोव्हिएत सैनिक बसलेले होते. सरावासाठी म्हणून बाहेर पडलेल्या डिव्हिजन (हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकड्या) परत बराकीत न जाता तशाच पश्चिमेकडे वळल्या तर? नाटोकडे तेवढी फौज उभी करायला वेळ मिळाला नसता, म्हणून त्यांची योजना लवकर अण्वस्त्रांकडे वळायची अशी होती. म्हणजे रणगाड्यांचा असमतोल थेट अणुयुद्धाच्या दाराशी नेऊन ठेवत होता. त्यामुळे करार करणाऱ्यांचं खरं उद्दिष्ट होतं ते अचानक आणि मोठा हल्ला करण्याची क्षमता काढून घेण्याचं. हे लक्षात ठेवलंत तर पुढची सगळी कलमं आपोआप उलगडतात.

याच्या आधी एक प्रयत्न फसला होता, आणि तो का फसला हे समजणं मला फार महत्त्वाचं वाटतं. 1973 साली व्हिएन्नात मध्य युरोपातल्या सैन्यकपातीची बोलणी सुरू झाली. ती 1989 च्या फेब्रुवारीपर्यंत चालली आणि हाती काही न लागता गुंडाळली गेली. त्या बोलण्यांत माणसं मोजायची होती. 1976 मध्ये पूर्वेकडच्या गटाने आपले आकडे टेबलावर ठेवले, ते पश्चिमेच्या अंदाजापेक्षा सुमारे दीड लाखांनी कमी होते. पुढची सगळी वर्षं त्या दीड लाखांवर वाद.

ज्याने कधी युनिटचा हजेरीपट सांभाळलाय त्याला याचं नवल वाटणार नाही. आमच्या रेजिमेंटमध्ये ‘आज किती जवान?’ असं विचारलं तर चार खरी उत्तरं निघायची: मंजूर किती, नावावर किती, हजर किती, आणि उद्या लढायला उभे राहतील असे किती. रजेवर, कोर्सवर, इस्पितळात, दुसऱ्या युनिटला तात्पुरते दिलेले, हे सगळे कुठे धरायचे? पण ‘रणगाडे किती?’ असं विचारलं तर उत्तर एकच, 45. त्यातले चार वर्कशॉपमध्ये इंजिन काढून उभे असतील, पण ते तिथे असतात, दिसतात, त्यांच्यावर नंबर असतो. माणूस रात्रीत ट्रेनने घरी जातो. चाळीस टनांचा रणगाडा जात नाही.

1989 च्या मार्चमध्ये व्हिएन्नातच नवी बोलणी सुरू झाली तेव्हा त्यांनी हाच धडा घेतला. माणसं बाजूला ठेवली आणि पाच गोष्टी मोजायच्या ठरल्या: रणगाडे, चिलखती लढाऊ वाहनं, तोफा, लढाऊ विमानं, हल्ला करणारी हेलिकॉप्टर. हल्ला याच पाच गोष्टींनी होतो.

पण ‘रणगाडा’ म्हणजे काय? हा प्रश्न बालिश वाटेल, पण सगळ्यात जास्त घाम याच प्रश्नाने काढला. नोव्हेंबर 1988 मध्ये नाटोने जाहीर केलं की आमचे रणगाडे 16,424 आणि वॉर्सा गटाचे 51,500. दोन महिन्यांनी वॉर्सा गटाने आपला हिशेब छापला: आमचे 59,470, नाटोचे 30,690. नाटोच्या एकाच ताफ्याबद्दल जवळजवळ दुपटीचा फरक, आणि गंमत अशी की वॉर्सा गटाने स्वतःचे रणगाडे समोरच्याच्या अंदाजापेक्षा जास्त सांगितले होते. इथे कोणी आकडे दडवत नव्हतं, दोघांच्या मोजपट्ट्या वेगळ्या होत्या. हलका रणगाडा धरायचा का? गोदामातला धरायचा का? म्हणून करारात व्याख्या लिहिली गेली: रिकामं वजन किमान 16.5 टन, तोफ किमान 75 मिलिमीटरची, आणि ती 360 अंशांत फिरणारी, तर तो रणगाडा. तोफखान्यात 100 मिलिमीटर आणि त्यावरच्या तोफा. वरवर रणवाहनासारखं दिसणारं पण आत रेडिओ किंवा कमांड पोस्ट असलेलं वाहन वेगळ्या यादीत. माझ्या मते या कंटाळवाण्या पानांवरच करार उभा होता. व्याख्या सैल राहिली की फसवणूक करावीच लागत नाही, प्रत्येक जण आपल्या सोयीने प्रामाणिक राहतो.

करारावर 19 नोव्हेंबर 1990 रोजी पॅरिसमध्ये 22 देशांनी सह्या केल्या. अटलांटिकपासून उरल पर्वतापर्यंतच्या पट्ट्यात प्रत्येक गटाला जास्तीत जास्त 20,000 रणगाडे, 30,000 चिलखती वाहनं, 20,000 तोफा, 6,800 लढाऊ विमानं आणि 2,000 हेलिकॉप्टर. शिवाय कोणत्याही एका देशाकडे 13,300 पेक्षा जास्त रणगाडे नकोत. ही अट उघडच सोव्हिएत संघाला डोळ्यासमोर ठेवून होती.

पण मी वर्गात आकड्यांपेक्षा दोन वेगळ्या गोष्टींवर वेळ घालवायचो. पहिली, गोदामं. 20,000 पैकी 16,500 रणगाडेच चालू युनिटांत ठेवता येत होते, बाकीचे ठरवून दिलेल्या साठवणीत. साठवणीतला रणगाडा बाहेर काढायचा म्हणजे बॅटऱ्या, इंधन, क्रू, दारूगोळा, रेल्वेचे वाघिणी-डबे. याला दिवस लागतात आणि ते सगळं वरून दिसतं. म्हणजे समोरच्याला सावध व्हायला वेळ मिळतो. दुसरी, पट्टे. मध्य युरोपाभोवती एकात एक बसणारे विभाग आखले होते. आतल्या विभागातली मर्यादा सगळ्यात कडक, म्हणजे फौज मागे नेता येईल पण पुढे आणून दाटीने उभी करता येणार नाही. उत्तर आणि दक्षिण टोकांना, म्हणजे नॉर्वेच्या आणि काळ्या समुद्राच्या बाजूला, वेगळी मर्यादा होती: चालू युनिटांतले 4,700 रणगाडे. ही टोकांची अट पुढे करारालाच टोचली, ते खाली सांगतो.

आता लपवाछपवीचा प्रश्न. दरवर्षी 15 डिसेंबरपर्यंत प्रत्येक देशाने येत्या 1 जानेवारीची स्थिती कळवायची: कोणतं युनिट, कुठे, कोणाच्या हाताखाली, त्याच्याकडे काय काय. मग तपासणी. पथकाने येण्याआधी 36 तास कळवायचं, पण कोणत्या ठिकाणी जायचंय ते देशात पोचल्यावरच सांगायचं. पथकात जास्तीत जास्त 9 जण, आणि जाहीर केलेल्या ठिकाणी 48 तास. ज्या इमारतीचं दार 2 मीटरपेक्षा रुंद आहे ती उघडून दाखवायची. हे 2 मीटर मला फार आवडतात. त्यापेक्षा अरुंद दारातून रणगाडा जातच नाही, म्हणून अरुंद दाराच्या खोलीत तुमची गुपितं सुखरूप राहतात आणि पाहुण्याला हवं ते कळतं. यजमानाची लाज आणि पाहुण्याची शंका, दोन्ही राखणारं कलम.

समजा तरीही कोणी 50 रणगाडे जंगलात लपवले. लपवू शकेल. पण 50 रणगाड्यांनी अचानक युरोप जिंकता येत नाही. त्यासाठी हजारोंनी लागतात, आणि हजारो लपवायचे तर त्यांच्या मागे वर्कशॉप, क्रू, इंधन, सराव हे सगळं लपवावं लागतं. तपासणीला प्रत्येक चोरी पकडायची नव्हती. ज्या चोरीने युद्धाचा निकाल बदलेल ती वेळेत पकडली गेली तरी पुरे होतं.

आफ्रिकेतला माझा अनुभव इथे सांगतो. युद्धविरामानंतर एका बाजूचे लढवय्ये छावणीत येऊन हत्यारं जमा करत होते. आमच्या वहीत आकडा रोज वाढत होता आणि मुख्यालय खूश होतं. पण हातात येत होत्या त्या रायफलींचे बोल्ट गंजून बसलेले, दस्ते कुजलेले. चांगली हत्यारं झाडीत होती, हे आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. जमा किती झालं ते आम्ही मोजत होतो, उरलं किती ते मोजायचा अधिकार आम्हाला नव्हता. पुढे ती लढाई पुन्हा पेटली. युरोपच्या करारात मर्यादा होती ती उरलेल्यावर. म्हणून नाटोतल्या मोठ्या देशांनी आपले चांगले जादा रणगाडे ग्रीस, तुर्कस्तानसारख्या साथीदारांना देऊन त्यांचे जुनाट भंगारात काढले तरी कराराचं बिघडलं नाही. गटाची बेरीज मर्यादेत राहिली की झालं.

तोडायचं कसं, तेही लिहून ठेवलं होतं. तोफेची नळी ब्रीचजवळ, म्हणजे मागच्या टोकाशी, कापायची, बुर्ज उतरवायचा, सांगाडा कापायचा किंवा स्फोटाने निकामी करायचा. काही रणगाड्यांचे बुलडोझर, क्रेन, आग विझवणारी वाहनं करायची परवानगी होती. काही नेमबाजीचं लक्ष्य म्हणून वापरता येत. नगरजवळच्या खारे कर्जुने रेंजवर ज्याने लक्ष्य म्हणून उभा केलेला जुना रणगाडा पाहिलाय त्याला कळेल की तो परत चालू होत नाही. चिलखताचं पोलाद गॅसकटरने कापणं हे तासन्‌तासांचं, महागडं काम आहे, आणि इथे परदेशी तपासनीस शेजारी उभा राहून नंबर पडताळतोय. करार अमलात आल्यापासून 40 महिन्यांची मुदत होती. नोव्हेंबर 1995 मध्ये ती संपली तेव्हा 50,000 हून अधिक हत्यारं अशी संपवली गेली होती. त्यात चुका, उशीर, तक्रारी होत्या. तरी शांतताकाळात, हरलेला कोणी नसताना, एवढं पोलाद स्वतःहून कापलं गेल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

फसवाफसवी झालीच नाही असंही नाही. सही व्हायच्या आधीच सोव्हिएत सैन्याने हजारो रणगाडे आणि तोफा उरलच्या पलीकडे, म्हणजे कराराच्या हद्दीबाहेर नेल्या. कायद्याने चूक नव्हती, पण हेतू सगळ्यांना कळला. मग तीन मोटर रायफल (वाहनांतून लढणाऱ्या पायदळाच्या) डिव्हिजन नौदलाच्या ‘किनारा संरक्षण’ खात्यात दाखवल्या गेल्या आणि ‘त्या मोजायच्या नाहीत’ असा दावा झाला. पश्चिमेकडच्या देशांनी मान्यता थांबवली. जून 1991 मध्ये मॉस्कोने माघार घेतली: त्या डिव्हिजनची हत्यारं मोजायची आणि उरलपलीकडचीही 14,500 हत्यारं नष्ट करायची. हा डाव जंगलात लपवण्याचा नव्हता, कागदावर नाव बदलण्याचा होता, आणि तो उघडा पडला कारण व्याख्या आणि नोंदी घट्ट होत्या.

इथवर काय झालं ते एका दमात: मोजता येईल ते मोजलं, त्याची व्याख्या केली, ते कुठे ठेवायचं ते बांधलं, आणि परक्या माणसाला आत येऊ दिलं. पण हे सगळं तेव्हा का जमलं, ते परिस्थितीवर होतं. डिसेंबर 1988 मध्ये सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी संयुक्त राष्ट्रांत 5 लाख सैनिक एकतर्फी कमी करण्याची घोषणा केली होती. त्यांना पैसा घरी वळवायचा होता. ज्या बाजूकडे जास्त आहे तिलाच कमी करायची गरज वाटली, म्हणून गाडी सुटली. ती गरज नसती तर हेच वाटाघाटीकार आणखी 15 वर्षं बसले असते.

मग मोडलं का? करार दोन गटांच्या तराजूवर उभा होता, आणि सही वाळते न वाळते तोच एक पारडं नाहीसं झालं. जुलै 1991 मध्ये वॉर्सा करार बरखास्त, डिसेंबरात सोव्हिएत संघ. मे 1992 मध्ये ताश्कंदला सोव्हिएत वाटा आठ देशांनी आपसात वाटून घेतला. त्या धांदलीतही कागद टिकला, हे त्या लोकांचं मोठं काम. पण 1994 मध्ये रशियाच्या दक्षिणेतल्या चेचन्याचं युद्ध सुरू झालं आणि रशियाला दक्षिण टोकाची मर्यादा काचू लागली. 1996 मध्ये नकाशा थोडा बदलून दिला. 1999 मध्ये पोलंड, हंगेरी, चेक प्रजासत्ताक नाटोत गेले, पण करारात मात्र ते अजून पूर्वेच्या पारड्यात. त्याच वर्षी इस्तंबूलमध्ये सुधारित करार झाला, गटांऐवजी देशवार मर्यादांचा. रशियाने तो मंजूर केला. नाटो देशांनी मात्र जॉर्जिया आणि मोल्दोव्हातून रशियन सैन्य निघेपर्यंत मंजुरी रोखून धरली. डिसेंबर 2007 मध्ये रशियाने अंमल थांबवला, 2011 मध्ये नाटो देशांनी रशियाला माहिती देणं थांबवलं, आणि 7 नोव्हेंबर 2023 रोजी रशिया औपचारिकपणे बाहेर पडला. त्याच दिवशी नाटोनेही अंमल स्थगित करणार असल्याचं जाहीर केलं.

दोष कोणाचा, यावर मी ठाम आहे आणि तुम्ही असहमत होऊ शकता. सुधारित करार अडवून धरणं हा पश्चिमेचा हट्ट होता की तत्त्व, यावर मी वर्षानुवर्षं उलटसुलट विचार केला. पण 1990 च्या मूळ मजकुरातच लिहिलं होतं की यजमान देशाच्या संमतीशिवाय तिथे सैन्य ठेवायचं नाही. मोल्दोव्हाची संमती नव्हती. ते कलम सोडून दिलं असतं तर आकडे टिकले असते आणि कराराचा कणा गेला असता. तपासनिसाला दार बंद करणारा पहिला देश रशिया होता, आणि माझ्या धंद्यात दार बंद होणं हीच सगळ्यात मोठी सूचना असते.

युक्रेनबद्दल: फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनने ‘व्हिएन्ना दस्तऐवज’ या, सैन्याच्या हालचालींची माहिती एकमेकांना द्यायच्या, दुसऱ्या व्यवस्थेखाली रशियाला विचारलं की सीमेवर जमवलेली फौज कशासाठी. नियमाप्रमाणे 48 तासांत उत्तर यायला हवं होतं. आलं नाही. तेव्हा जगाला हल्ल्याची चाहूल होती, म्हणजे ‘अचानक’ हा भाग गेलेला होता. ज्याने हल्ला करायचं ठरवलंय त्याला कोणताही करार थांबवत नाही, तो फक्त इतरांना वेळ देतो. आणि आजच्या लढाईत रणगाड्यांना मारणारी ड्रोन त्या पाच प्रकारांत बसतच नाहीत. उद्या कोणी नवा करार लिहायला बसलं तर व्याख्येच्या पानापासून सगळं पुन्हा.

फारसं कोणी बोलत नाही असं एक उदाहरण मात्र अजून जिवंत आहे. बोस्नियाच्या युद्धानंतर जून 1996 मध्ये फ्लॉरेन्सला याच धर्तीवर करार झाला. युगोस्लाव्हिया, क्रोएशिया, बोस्निया यांच्यात हत्यारांचं प्रमाण 5:2:2. तेच पाच प्रकार, तशीच तपासणी. साडेसहा हजारांच्या आसपास हत्यारं नष्ट झाली, तीही काल एकमेकांच्या गावांवर तोफा डागणाऱ्या लोकांकडून. 2014 पासून ते देश ही व्यवस्था स्वतः चालवतात.

आता चीन. लोकांना माहीत नसतं, पण कपातीचं कलम आपल्याकडे आहे. 29 नोव्हेंबर 1996 च्या भारत-चीन करारात प्रत्यक्ष नियंत्रण रेषेजवळच्या ठरवलेल्या पट्ट्यांत रणगाडे, पायदळाची लढाऊ वाहनं, 75 मिलिमीटर आणि मोठ्या तोफा, 120 मिलिमीटर आणि मोठ्या उखळी तोफा, क्षेपणास्त्रं कमी करायचं मान्य आहे. एका डिव्हिजनपेक्षा, म्हणजे सुमारे 15,000 सैनिकांपेक्षा मोठा सराव रेषेजवळ करायचा नाही, हेही आहे. आणखी एक शहाणपणाची ओळ आहे: मर्यादा ठरवताना जमिनीचा प्रकार, रस्ते आणि सैन्य आणायला-न्यायला लागणारा वेळ लक्षात घ्यायचा. तिबेटच्या पठारावर त्यांना सपाट रस्ता आणि रेल्वे आहे, आपल्याला खिंडी चढून जावं लागतं. त्यामुळे दोघांनी सारखेच रणगाडे मागे नेले तरी परत यायला आपल्याला जास्त दिवस लागतील. समान आकडा इथे न्याय्य ठरणार नाही. चर्चेत ‘दोघांनी निम्मं करा’ असं कोणी म्हटलं की मी आधी रस्त्यांचा नकाशा मागतो.

पण कलम चालू व्हायला पट्टा आखावा लागतो, पट्टा आखायला रेषा कुठे आहे ते दोघांना मान्य असावं लागतं, आणि दहाव्या कलमात तसं स्पष्ट लिहिलंय. 2000 साली मधल्या सेक्टरचे नकाशे एकमेकांना दिले गेले. 2002 मध्ये पश्चिम सेक्टरचे, म्हणजे लडाखचे, नकाशे टेबलावर आले, दोन्ही बाजूंनी पाहिले, आणि ज्याने त्याने आपापले परत घेतले. कपातीची बोलणी पुन्हा सुरू करायची झाली तर त्या टेबलापासूनच करावी लागतील.